शेवट कोणाच्या हातात?

मागच्या महिन्यात लातूरला एकांकिका स्पर्धेला गेलतो, प्रयोग संपल्यावर दयानंद सभागृहाच्या बाहेर चहाच्या गाड्यावर नेहमीचा वाद पेटला. एक रिटायर्ड सर, आयुष्यभर पोरांची नाटकं बसवलेले, तावातावानं सांगत होते की मालिका लिहिणारे सगळे विकले गेलेत, सासू, सून, दुसरी बायको आणि मांडवात मोडलेलं लग्न ह्याच्या पलीकडं ह्यांना काही सुचतच नाही. समोर एक पंचविशीतलं पोरगं, मुंबईला दोन वर्षं असिस्टंटगिरी करून परत आलेलं, ते म्हणलं सर तुमच्याच घरी साडेसातला काय चालू असतं ते सांगा की, लोकांना तेच पाहिजे म्हणून लेखक तेच लिहितो. तिसरा एक जण मोबाईलमधनं डोकं वर काढून म्हणला, अमेरिकेत तो नॉर्मन लियर बघा, एकटा लेखक पण आख्ख्या देशाला बोलायला लावलं, आपल्याकडं तसा माणूसच नाही. मग तिघं एकमेकांवर ओरडले, चहावाल्यानं पैसे मागितले, वाद संपला. मी गप्प उभा होतो. मी स्वतः चार वर्षं मालिकांचे संवाद लिहिलेत आणि ते तिथं सांगायची माझी हिंमत झाली नाही, खोटं कशाला बोलू.

तेव्हा जे बोललो नाही ते इथं लिहितो. लेखक गुणी का भिकार आणि प्रेक्षक शहाणा का येडा, ह्या दोन प्रश्नांवर वर्षानुवर्षं भांडून आपण मूळ गोष्ट विचारतच नाही, की मालिकेची गोष्ट संपवायचा अधिकार कोणाकडं असतो? ज्याच्या हातात शेवट त्याच्या हातात गोष्ट, बाकी सगळे हमाल, मी पण त्यातलाच एक होतो. माझं सरळ मत असंय की टीव्हीवर काही धड यायचं असेल तर लेखकानं निर्माता व्हायला पाहिजे, किमान निर्मितीत त्याची दोरी पाहिजे, आणि मराठवाड्याचं काही यायचं असेल तर तो लेखक मराठवाड्यातला पाहिजे. हे बोलायला सोपंय, ह्याच्यावर आक्षेप बक्कळ आहेत आणि त्यातले काही आक्षेप मलाच रात्री झोपू देत नाहीत, तर तेही काढतो पुढं.

आधी मालिका लिहितात कशी ते सांगतो, कारण सरांसारख्या लोकांना अजून वाटतं की कोणी एक लेखक खिडकीपाशी बसून मालिका लिहितो. तसं नसतं. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. टायटलमध्ये तिघांची नावं येतात, म्हणजे वाचता येणार नाहीत एवढ्या स्पीडनं येतात. कथेवाला आणि चॅनेलची माणसं बसून ट्रॅक, म्हणजे पुढं गोष्ट कुठं वळणार ते, ठरवतात, त्याची वन-लाइन, म्हणजे थोडक्यात आराखडा, निघते, मग पटकथावाला सीन पाडतो आणि ते सीन संध्याकाळी संवादवाल्याच्या मोबाईलवर पडतात, सकाळी सेटवर आर्टिस्टच्या हातात कागद पाहिजे. एपिसोड असतो बावीस-एक मिनिटांचा पण आठवड्यातनं सहा. बँक असली, म्हणजे पुढचे एपिसोड शूट होऊन ठेवलेले असले, तर जेवायला वेळ मिळतो, नसली तर एक सीन लिहून झाला की पाठवायचा, तो शूट होईपर्यंत दुसरा. गुरुवारी रेटिंग येतं. गुरुवारी दुपारी फोन वाजला की समजायचं ट्रॅक बदलला. बुधवारपर्यंत जी बाई गरोदर होती तिला शुक्रवारी आपण गरोदर नाही आहोत असं कळतं. पैसे एपिसोडवर, ते पण टेलिकास्ट झाल्यावर नव्वद दिवसांनी, आणि मालिका बंद करायचं ठरलं की लेखकाला पंधरा दिवस आधी कळलं तरी नशीब. माझी एक मालिका बंद झाली ते मला सेटवरच्या स्पॉटदादाकडनं कळलं. त्या गोष्टीतल्या भावाचा खून कोणी केला होता ते प्रेक्षकांना कधीच कळलं नाही. मला पण नाही.

ह्यात गुणी लेखकानं काय करायचं? एक किस्सा सांगतो, नावं घेत नाही. मालिका मुंबईतल्या बंगल्यातली, त्यात कामवाली बाई होती कांता, आणि चॅनेलच्या टिपणात लिहिलेलं, कांता बीडची आहे, भाषा गमतीदार. मी खूश, म्हणलं आपली बाई आली. एका सीनमध्ये मालकीणबाईचं बाळ रडत असतं आणि कांता त्याला उचलून घेते, एवढंच पटकथेत होतं. मी रात्री दोनला कांदिवलीच्या खोलीत बसून तिला अर्धं पान बोलायला दिलं. आमच्याकडं ऊसतोडीला नवराबायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. माणसं दोन, मोजणीत कोयता एक. मुकादमाकडनं उचल घ्यायची, ती फेडायला दिवाळी झाली की फडावर जायचं, पाचटाच्या कोपीत राहायचं आणि लेकरं म्हातारीपाशी ठेवायची. कांता त्या बाळाला घेऊन म्हणते, मपलं लेकरू बी येवढंच हुतं मी कोयत्याला गेले तवा, परत आले तर मला बघून आजीच्या मागं लपलं. बास, एवढंच. सकाळी चॅनेलच्या क्रिएटिवचा, म्हणजे लिखाण तपासणाऱ्या पोरीचा, फोन, पोरगी चांगली होती, वाईट बोलली नाही, म्हणली सर छान आहे पण हे जरा हेवी झालं, आणि मपलं म्हणजे काय, माझं करा ना, आणि कांता आली की लोकांना हसू आलं पाहिजे. केलं. शेवटी टीव्हीवर जे आलं त्यात कांता म्हणते, अगं बया केवढं रडतंय, आणि मागं टॉइंग असा आवाज. आईनं गावाकडनं फोन करून सांगितलं, तुझी कांता लई हसवती बघ. माझ्या आईनं स्वतः चार वर्षं कोयता केलेला.

आता नॉर्मन लियरचं बघू, कारण त्या मोबाईलवाल्याचं उदाहरण बरोबर होतं पण अर्थ चुकला. लियर २०२३ च्या डिसेंबरमध्ये गेला, एकशे एक वर्षांचा होऊन. पोरगा नऊ वर्षांचा असताना बाप खोट्या रोख्यांच्या भानगडीत तुरुंगात गेला, पुढं हा दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमानातनं बावन्न मोहिमा करून आला, मग दारोदार माल विकत विकत विनोदी लेखक झाला. १९७१ च्या जानेवारीत सीबीएस ह्या चॅनेलवर त्याची ‘ऑल इन द फॅमिली’ सुरू झाली. मूळ कल्पना इंग्लंडच्या मालिकेवरनं, पण घरातला तो तोंडाळ, काळ्यांवर आणि ज्यूंवर बरळणारा बाप हा त्यानं आपल्या बापावरनं काढलेला. त्याआधी एबीसी ह्या दुसऱ्या चॅनेलनं दोनदा पायलट, म्हणजे नमुन्याचा एपिसोड, बनवून घेतला आणि दोनदा नाही म्हणून सांगितलं. सीबीएसनं घेतली ती पण घाबरत घाबरत. पहिल्याच एपिसोडमध्ये रविवारी सकाळी अकरा वाजता हा काय चावटपणा अशा अर्थाचं एक वाक्य होतं, चॅनेल म्हणलं ते काढा. लियर म्हणला वाक्य काढलं तर मी उद्यापासनं येत नाही. चॅनेल नमलं, वाक्य राहिलं. पुढं ती मालिका सलग पाच सीझन देशात एक नंबरला होती, आणि १९७४-७५ च्या सीझनमध्ये पहिल्या दहात पाच मालिका ह्या एका माणसाच्या. लोक म्हणतात बघा केवढा लेखक! लेखक होताच. पण मला सांगा, मी कांताच्या मपलं साठी फोनवर म्हणलो असतो की उद्यापासनं येत नाही, तर काय झालं असतं? बरं म्हणले असते आणि दुपारी दुसरा संवाद लेखक बसला असता, मुंबईत त्याच खोलीत माझ्या शेजारच्या गादीवर एक होताच. लियरच्या धमकीला वजन होतं ते तो निर्माता होता म्हणून, तो उठला की मालिका उठणार होती. वाक्य त्याच्यातल्या लेखकानं लिहिलं आणि राखलं निर्मात्यानं.

इथं आमचे एक पत्रकार मित्र मला लगेच कापतात आणि त्यांचं कापणं साधं नाही. ते म्हणतात लेखक एकदा निर्माता झाला की तो पण मालकच होतो, मग दुसऱ्या कोणाच्या तरी कांताचं मपलं तो खोडतो. आणि पुरावा लियरचाच देतात. शिकागोच्या कॅब्रिनी-ग्रीन ह्या गरीब वस्तीतनं आलेला एरिक मॉन्टी नावाचा काळा लेखक, त्यानं माइक इव्हान्सबरोबर ‘गुड टाइम्स’ उभी केली, १९७४ ला ती लियरच्या कंपनीकडनं आली. गोष्ट त्याच्या वस्तीतली, काबाडकष्ट करणाऱ्या काळ्या आईबापाची. पण लोकांना हसू यायचं थोरल्या पोराच्या माकडचेष्टांना, मग त्याच वाढवत नेल्या, बापाचं काम करणारा जॉन एमॉस त्यावरनं भांडला आणि त्याला काढलं, आईचं काम करणारी एस्थर रोल पण काही काळ सोडून गेली. मॉन्टी १९७७ ला कोर्टात गेला, तडजोड झाली, पण नंतर त्याच माणसावर बेघरांच्या निवाऱ्यात राहायची पाळी आली. म्हणजे टॉइंग आवाज तिथं पण होता राव, आणि वाजवणारा कारखाना एका लेखक-निर्मात्याचाच होता. मी हे सगळं कबूल करतो. कबूल करून एवढंच म्हणतो की ह्यातनं लेखकानं निर्माता होऊ नये असं कुठं निघतं? उलट असं निघतं की मॉन्टीनं पण व्हायला पाहिजे होतं. लियर स्वतःच्या बापावर लिहीत होता तवा त्याला कोणी फसवू शकलं नाही, कॅब्रिनी-ग्रीनच्या बापावर निर्णय घ्यायची वेळ आली तवा तोच चुकला, कारण तो बाप त्याचा नव्हता. मुंबईचा कितीही भला निर्माता बीडच्या कांतापाशी असाच चुकणार.

सरांचा आक्षेप असा की सासू-सुना हा विषयच हलका. हे पैठणपासनं दीड-दोनशे किलोमीटरवर उभं राहून बोलायचं म्हणजे कमाल आहे. एकनाथांचं ते भवानीआईला रोडगा वाहायचं भारूड काय आहे? एक बाई देवीला नवस बोलते, की सासरा गावाला गेलाय तिकडंच खपव, सासू जाच करते तिला संपव, जाऊ फडाफडा बोलते तिला विधवा कर, नणंदेचं पोर किरकिर करतं त्याला खरूज होऊ दे. आजच्या कुठल्या खलनायिकेची ह्याच्या पुढं जायची टाप आहे का? सोळाव्या शतकातली डेली सोप आहे ती, आणि लोक आधी पोट धरून हसलेच असणार. पण शेवटच्या कडव्यात ती बाई म्हणते सगळेच जाऊ दे, एकटीच राहू दे मला, आणि तिथं हसणाऱ्याचं हसू अडकतं, सासू-सासरे बाजूला राहतात आणि भलताच एकांत समोर येतो. मालमसाला तोच, फरक एवढाच की शेवटचं कडवं नाथांच्या हातात होतं. गुरुवारी कोणी येऊन म्हणलं नाही की नाथबाबा, जावेला रेटिंग आहे, अजून सहा महिने ओढा. रोज लिहिल्यानं दर्जा जातो म्हणणाऱ्यांना पण हेच सांगणं आहे. हरिभाऊ आपट्यांनी १८९० ला ‘करमणूक’ काढलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यात हप्त्याहप्त्यानंच आली, एका बाईच्या तोंडनं तिच्याच वैधव्याची गोष्ट, त्या काळात. दुसऱ्याच्या मासिकात ती शेवटपर्यंत तशीच छापली गेली असती का? वाचकांना त्रास होतो, तिसऱ्या प्रकरणात जरा विनोद घाला, असं म्हणणारा संपादक तेव्हा पण असणारच की कुठंतरी. हरिभाऊंचं साप्ताहिकच स्वतःचं होतं. आपण त्यांना कादंबरीकार म्हणतो, आजच्या भाषेत ते लेखक-निर्माता होते.

बरं, ‘हमलोग’ चं काय, असं कोणीतरी विचारेलच, तिथं लेखक मनोहर श्याम जोशी काही निर्माते नव्हते, दूरदर्शन सरकारी होतं. खरंय. १९८४ ला ती मालिका आली तीच मुळी कुटुंबनियोजनाचा संदेश द्यायला, मेक्सिकोतल्या मालिकांची कल्पना घेऊन. सुरुवातीला उपदेश जास्त झाला, लोकांना आवडेना, मग संदेश कमी करून गोष्ट वाढवली आणि ती घराघरात गेली. पण आख्खी मालिका एका माणसाच्या लेखणीतनं उतरत होती, त्यातली थोरली पोरगी बडकी कधी काय बोलणार हे एकाच डोक्यात होतं, तीन तुकडे नव्हते. मालकी नसली तरी गोष्ट त्याच्या ताब्यात होती. ते दिवस आता येणार नाहीत, त्यामुळं त्याचा दाखला देऊन रडण्यात अर्थ नाही.

आता त्या पोराचा मुद्दा, प्रेक्षकाला तेच पाहिजे. मला हा मुद्दा सगळ्यात जड जातो कारण तो माझ्या घरातच बसलाय, आई रोज तीन मालिका बघती आणि एकीला पण नावं ठेवती. पण प्रेक्षकाला काय पाहिजे हे कळतं कशावरनं? काही घरात मीटर असतं त्यावरनं. आणि मीटर कुठल्या घरात असतं ह्याच्यावर आख्खं गणित आहे. २०१५ ला बार्क ह्या रेटिंग काढणाऱ्या संस्थेची मोजणी सुरू झाली आणि त्याच वर्षी खेड्यातली घरं पहिल्यांदा नीट धरायला लागले, तोवर रेटिंगच्या हिशोबात खेडं नव्हतंच म्हणलं तरी चालेल. आणि मग २०१६ ला बघा, मालवणी बोलणारी ‘रात्रीस खेळ चाले’ आली, कोल्हापूरची ‘तुझ्यात जीव रंगला’ आली, ‘माझ्या नवऱ्याची बायको’ मधली नागपुरी बोलणारी राधिका आली, पुढच्या वर्षी साताऱ्याची ‘लागिरं झालं जी’. योगायोग म्हणायचा तर म्हणा. तोपर्यंत हेच चॅनेलवाले सांगायचे की बोलीभाषा चालत नाही, शहरातला प्रेक्षक तुटतो. वर्षभरात पुण्यामुंबईची पोरं कोल्हापुरी ‘चालतंय की’ म्हणायला लागली. प्रेक्षक बदलला होता का एका वर्षात? मोजपट्टी बदलली होती फक्त. आणि त्यातलं साताऱ्याचं उदाहरण नीट बघण्यासारखं आहे, कारण लागिरंचा लेखक तेजपाल वाघ हा वाईकडचा, त्याच मुलखातला, आणि पुढं २०२० ला ‘कारभारी लयभारी’ त्यानं स्वतः निर्माता म्हणून काढली. लेखक तिथला, म्हणून भाषा तिथली, मग लोकेशन तिथलं, मग छोट्यामोठ्या कामाला तिथलीच पोरं. त्या मालिका थोर होत्या असं मी म्हणत नाही, मला त्यातल्या बऱ्याच गोष्टी पटल्या नाहीत. पण मिशांवर ताव मारणारा फौजी असो का शेतातला पैलवान असो, त्याच्या बोलण्याला मागं टॉइंग वाजत नव्हतं.

आणि आपण मराठवाड्याचे कुठंयत? कोकण झालं, कोल्हापूर झालं, सातारा झालं, नागपूर झालं. आपली भाषा येती ती वॉचमनच्या, हवालदाराच्या, नाहीतर कांताच्या तोंडी, आणि मकरंद अनासपुऱ्यांनी सिनेमात ती नायकाच्या तोंडी दिली तरी लोकांनी तिला कायमचं विनोदाच्या खात्यावर टाकलं. का, तर म्हणे कळत नाही. लक्ष्मण देशपांडे सर औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवायचे, त्यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ मध्ये एकट्यानं बावन्न पात्रं आपल्या ह्याच भाषेत उभी केली, ते परदेशात जाऊन आलं, गिनीज बुकात गेलं, तिथं कोणी सबटायटल मागितले नव्हते. २०१२ ला जालन्याकडच्या पोरांनी राजकुमार तांगडेंचं ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ मुंबईपुण्यात नेलं, त्यात शिवारात काम करणारी पोरंच नट होती, आणि ते हसवत हसवत असं काही बोललं की थिएटरमध्ये लोकांना घाम फुटला. दोन्ही ठिकाणी लोक हसले. पण कधी हसायचं आणि कधी हसू गिळायचं ते लिहिणाऱ्यानं ठरवलं होतं. आमच्या आजोबांना निजामाच्या राज्यात शाळेत उर्दू शिकावी लागली, मराठी घरात बोलायची. वडलांना मराठी शाळेत पुस्तकातली मराठी शिकावी लागली, घरची मराठी म्हणजे अशुद्ध. मी मुंबईला जाऊन मपलं चं माझं केलं, एपिसोडमागं अडीच हजारात.

राहिला पैसा, आणि इथं माझ्याकडं पक्कं उत्तर नाही. डेली मालिका काढायची म्हणजे चॅनेलचे पैसे तीन महिन्यांनी येणार आणि सेट, लाइट, गाड्या, जेवण रोज रोख, तेवढं भांडवल अंबाजोगाईच्या का उदगीरच्या कुठल्या लेखकाकडं असणार? म्हणून तर आपल्याकडनं गेलेली माणसं तिकडंच राहिली. औरंगाबादेत ‘जिगीषा’ ही नाट्यसंस्था सुरू केलेली मंडळी, प्रशांत दळवी, चंद्रकांत कुलकर्णी, मुंबईला गेली, १९९१ ला ‘चारचौघी’ सारखं नाटक केलं, मराठी रंगभूमीचं भलं झालं, त्यांना कोण नावं ठेवणार. पण त्यांच्या मागं औरंगाबादेत काय उरलं हे पण विचारायचं का नाही? आपल्या लोकांची सवय अशी की लगेच अनुशेष काढायचा, सिंचनाचा अनुशेष, रस्त्याचा अनुशेष, चला आता मालिकांचा अनुशेष, सरकारनं चित्रनगरी द्यावी, कोल्हापूरला आहे आम्हाला का नाही. द्यावी की, माझी ना नाही. पण चित्रनगरी बांधून तिथं मुंबईचा निर्माता मुंबईतनं लिहून आणलेले सीन शूट करणार असेल तर आपल्याला मिळणार काय, जनरेटरचं भाडं आणि जेवणाचं कंत्राट. त्यापेक्षा चार लेखकांनी मिळून एक छोटी कंपनी काढावी, आधी मोबाईलवर दहा-दहा मिनिटांचे भाग करावेत, आपलं आपण, आणि चॅनेलकडं जाताना नोकरी मागायला जाण्यापेक्षा भागीदार म्हणून जावं. ह्यात नुकसान होणार, एक-दोन जण बुडणार, भांडणं तर होणारच, आपल्या नाटकाच्या ग्रुपमध्ये तिसऱ्या प्रयोगाला होतात तशी. तरी त्या कंपनीत बुडणं मला एपिसोडवारी पेक्षा बरं वाटतं. अमेरिकेतल्या लेखकांना एवढं सगळं मिळूनसुद्धा २०२३ ला १४८ दिवस संपावर बसावं लागलं, आपल्याला कोण आयतं आणून देणार आहे?

कायदा अगदीच विरोधात आहे असं पण नाही. २०१२ ला कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, राज्यसभेत जावेद अख्तर त्यासाठी भांडले, आणि लेखकाचा रॉयल्टीचा हक्क त्यानं स्वतः लिहून दिला तरी जात नाही अशी तरतूद आली, तो फक्त वारसाला नाहीतर कॉपीराइट सोसायटीला देता येतो. कागदावर झकास आहे. पण करारात काय असतं ते मला मागच्या रविवारी परत बघायला मिळालं. चहाच्या गाड्यावरचं तेच पोरगं, त्याला संवाद लेखनाचं काम लागलंय, करार घेऊन घरी आलं. बारा पानं इंग्रजीत. त्यात एका ठिकाणी लिहिलेलं की ह्या लिखाणाचे सगळे हक्क, आज असलेल्या आणि पुढं निघणाऱ्या सगळ्या माध्यमांत, अनंत काळासाठी, संपूर्ण विश्वात, कंपनीचे. त्याला मी मराठीत सांगितलं तर म्हणलं, सर म्हणजे मंगळावर पण? म्हणलं हो, मंगळावर पण. आई आतनं चहा घेऊन आली, तिनं विचारलं कुठल्या मालिकेचंय, त्यानं सांगितलं, ती म्हणली त्यात ती धाकटी मरणार हाय का, पोरगं म्हणलं काकू मला कसं माहीत असणार. मग बराच वेळ कोणी बोललं नाही. शेवटी मी त्याला म्हणलं सही कर, पैशाची गरज आहे तुला, पण शेवटच्या पानावर सहीच्या वर हातानं एक ओळ लिही, मालिका बंद करायची ठरली तर शेवटचे पाच एपिसोड लेखक म्हणेल तसे होतील. हसलं आधी. मग लिहिलं, अक्षर चांगलंय त्याचं, फोटो काढून पाठवला. आज शुक्रवार आहे, तिकडनं अजून काही उत्तर नाही.